इस्टेट काकांच्या हातात आहे? भांडण नंतर, आधी फेरफार अडवा

जमीन अजून आजोबांच्याच नावावर, वडीलही गेलेले, कागद सगळे काकांच्या कपाटात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "मी बघतोय ना सगळं." अशा वेळी फुकटचे सल्ले दोनच मिळतात. एक, घरातलं घरात मिटवा. दोन, सरळ केस टाका. पहिल्यात बैठका चालू राहतात आणि तिकडे फेरफार (सातबाऱ्यावरची नावं बदलणारी नोंद) मंजूर होऊन जातो. दुसऱ्यात पहिल्याच तारखेला वकील विचारतात, "सातबारा आणलाय का?" म्हणून सुरुवात तलाठी कार्यालयातून करा. मी आमच्या घरची आणि नंतर नात्यातल्या बऱ्याच जणांची वारस नोंद पाठपुरावा करून लावून घेतली आहे. क्रम हाच ठेवा.

मृत्यू दाखले आणि नातं सिद्ध करणारे कागद जमवा. मूळ प्रती कोणाच्याही हातात देऊ नका.

सातबारा काकांकडे मागू नका. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. सोबत खात्याचा ८अ (खात्यावरच्या सगळ्या गटांचा उतारा) घ्याच, कारण दाखवला जातो तो एक गट आणि त्या गावात खात्यावर असतात चार. उताऱ्यावर काकांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' दिसलं तर घाबरू नका. ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर किंवा कर्ते म्हणून लागलेले आहेत, एकटे मालक म्हणून नव्हे. आत्याचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात, नसेल तर 'इतर अधिकार'मध्ये शोधा, बरेचदा तिथे ढकललेलं असतं. उताऱ्यावर जे जुने फेरफार क्रमांक छापलेले असतात, त्यांच्या नकलाही काढा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर टाकून आधीच काही विकलं गेलंय का तेही बघून घ्या.

आता खरी मेख. वारस नोंदीचा अर्ज जो करतो, वारसांची यादीही तोच देतो. प्रतिज्ञापत्र त्याचं, वंशावळ त्याची. आत्या आणि मयत भावाची मुलं गळतात ती इथेच. म्हणून जमलं तर अर्ज तुम्हीच आधी करा, ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून किंवा थेट तलाठ्याकडे (पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी लिहिलेलं असेल). काकांनी आधीच केला असेल तर फेरफार मंजूर होण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. तुम्ही पुण्यात आणि नोटीस गावच्या पत्त्यावर. ती घेतो चुलतभाऊ, सही करतो आणि विसरतो! आम्हाला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते या टप्प्यावर. नोटीस निघाली हेच आपल्याला कळत नाही. यावर उपाय एकच, 'आपली चावडी' हे पान. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावचे प्रलंबित फेरफार आणि हरकतीची मुदत दिसते. दर आठवड्याला बघा, रविवारचं काम म्हणून लावून घ्या.

हरकत लेखीच द्यायची. "तोंडी सांगितलंत ना, ठेवतो लक्षात" हे ऐकून कोणी परत फिरू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. एक प्रत तहसीलदारांनाही द्या. मजकूर कोरडा ठेवा: "मौजे अमुक, गट नंबर अमुक, फेरफार क्रमांक अमुक यास माझी हरकत आहे. मयत खातेदाराचे मुलगे दोन व मुलगी एक. पैकी माझे वडील मयत असून त्यांचे वारस माझी आई, बहीण व मी आहोत. आमची नावे अर्जात वगळली आहेत, ती वारस म्हणून दाखल करावीत." बस्स. काकांनी ट्रॅक्टर कोणाच्या पैशांनी घेतला आणि आजीचे दागिने कुठे गेले, यातलं एक अक्षर लिहू नका. मालकीचा वाद फेरफारावर निर्णय देणाऱ्या मंडळ अधिकाऱ्याच्या हातात नसतो. तसलं काही दिसलं की "दिवाणी कोर्टात जा" म्हणून तुम्हाला वाटेला लावणं सोपं होतं. वारस कोण एवढंच मांडलं तर त्याला ते तपासावंच लागतं.

हरकत तक्रार नोंदवहीत चढली का ते विचारा, सुनावणीला स्वतः जा, निकालाची नक्कल घ्या. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. फेरफाराने मालकी जात नाही, तो महसुली दप्तराचा कागद आहे. पण गिऱ्हाईक आणि बँक आधी तोच बघतात.

"मुलींना कुठे हक्क असतो" हे अजून ऐकू येतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे आणि हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला तिचे वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

सहीबद्दल मी अगदी हट्टी आहे. वारस नोंदीसाठी कोणालाही दुय्यम निबंधक कार्यालयात (जिथे दस्तांची नोंदणी होते) जावं लागत नाही. "नुसती नोंदीची सही आहे" म्हणून तिथे नेलं, फोटो काढला, अंगठा घेतला, तर समोरचा कागद हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) नाहीतर खरेदीखत असणार. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र तुम्ही एकट्याने मागे घेऊ शकत नाही. रद्द करून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. कागद घरी आणून वाचायला मिळत नसेल तर सही नाही, मग आत्या रडली तरी.

बँकेला मृत्यू दाखल्यासह पत्र देऊन मयताची खाती थांबवा. मयताने दिलेलं कुलमुखत्यारपत्र त्याच्या मृत्यूबरोबरच संपतं आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

घरभाडं, उसाचं बिल यांचा हिशोब स्पीड पोस्टाने मागा. कारखान्याकडे उसाची नोंद कोणाच्या नावाने आहे तेही बघा.

जमीन विकायला काढल्याची कुणकुण लागली की मात्र थांबू नका. वाटपाचा दावा, सोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज, आणि दावा दाखल झाला की लिस पेंडन्सची (जमिनीवर दावा चालू असल्याच्या नोटिशीची) नोंदणी, हे वकिलाकडून एका दमात करून घ्या. त्याआधी जाहीर नोटीस द्यायची असेल तर गट नंबर आणि तुमचा हिस्सा एवढंच छापा, आणि ती तालुक्यात वाचल्या जाणाऱ्या पेपरात द्या. जमिनीचे एजंट तोच चाळतात.