खासगी युनिव्हर्सिटी की सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज: फी भरायच्या आधी काय करायचं

दरवर्षी मे-जूनमध्ये आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले नाहीतर नात्यातले आईबाप मुलांचे मार्क घेऊन माझ्याकडे येतात, आणि प्रत्येकाला आधीच कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की 'प्रायव्हेटमध्ये प्लेसमेंट भारी' किंवा 'सरकारी ते सरकारी'. असले सल्ले आता ऐकवत नाहीत मला. मुलाला ब्रँच कुठली हवी, पर्सेंटाइल किती, घरातून पैसे किती निघणार हे काहीही न विचारता लोक बोलून मोकळे होतात.

आधी 'प्रायव्हेट' म्हणजे नक्की काय ते घरात सगळ्यांनी समजून घ्या. माटुंग्याचं व्हीजेटीआय किंवा अंधेरीचं सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग (एसपीसीई) ही अनुदानित, म्हणजे सरकारकडून अनुदान मिळणारी; लोक 'सरकारी' म्हणतात त्यात हीही येतात. दुसरी विनाअनुदानित कॉलेजं, खासगीच, पण बहुतेक सीट कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) भरतात आणि त्यांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तिसऱ्या खासगी आणि अभिमत युनिव्हर्सिट्या, त्यांची फी त्या स्वतः ठरवतात. अंधेरीला भवन्सच्या एकाच कॅम्पसमध्ये एसपीसीई अनुदानित आणि एसपीआयटी (सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) विनाअनुदानित, नावं सारखी, त्यामुळे लोक हमखास घोळ घालतात. म्हणून कॉलेजच्या नावापुढे स्टेटस काय लिहिलंय ते वाचा.

कॅपचं रजिस्ट्रेशन करा, युनिव्हर्सिटीत जायचं पक्कं असलं तरी करा.

मग चार वर्षांचा हिशोब. पहिल्या वर्षाची फी गुणिले चार असं करू नका, दरवर्षी किती वाढणार ते युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्या. कॅपमधून आलेल्या मुलांना सवलती असतात. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओपनच्या मुलालाही राजर्षी शाहू योजनेत निम्मी ट्यूशन फी मिळते, आणि जुलै २०२४ च्या जीआरनंतर त्याच उत्पन्नाच्या अटीत ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खासगी आणि अभिमत युनिव्हर्सिटीला हे लागू नाही. ज्या घरात मुलगी आहे त्यांनी ही ओळ दोनदा वाचा, कारण इथे लाखांचा फरक पडतो आणि युनिव्हर्सिटीचा काउन्सेलर हे स्वतःहून सांगत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, कास्ट व्हॅलिडिटी आत्ताच करायला टाका.

आता खरी अडचण. युनिव्हर्सिटीची फी भरायची तारीख आधी येते आणि कॅपचे राउंड नंतर लागतात. मोठ्या मुलीच्या वेळी मी इथेच फसलो. दिवसातून दोन फोन यायचे, 'काका, कॉम्प्युटरच्या दोनच सीट राहिल्यात', आणि एका रात्री घाबरून एफडी मोडली आणि दीड लाख भरले, वर ओरिजिनल एलसीही देऊन आलो. दुसऱ्या राउंडला तिला अनुदानित कॉलेजला इलेक्ट्रिकल लागलं. रिपोर्टिंगला दोन दिवस हातात आणि एलसी अडकलेली. मी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ओरिजिनल कागद आणि फी परत देण्याच्या नियमाची प्रिंट घेऊन गेलो, कॅन्सलेशनचा अर्ज दोन प्रतींत दिला, माझ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का मिळेपर्यंत खिडकीपासून हललो नाही. एलसी शेवटच्या दुपारी मिळाली. पैसे पाच महिन्यांनी आले, तेही कापून. ती दुपार आठवली की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून माझं ऐका. ओरिजिनल कागद कुठेही ठेवायला देऊ नका, यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे संस्थेने ते तपासून लगेच परत द्यायचे असतात, स्वतःकडे ठेवता येत नाहीत. पैसे भरायच्या आधी त्या वर्षीच्या रिफंडच्या तारखा बघा (२०२४ ला ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलं तर पूर्ण फी परत होती), आणि रिफंडचे नियम युनिव्हर्सिटीकडून ईमेलवर मागवा, फोनवरच्या शब्दाला काही किंमत नाही. भरलेच तर रक्कम अशी असू दे की दोन-चार महिने अडकली तरी कॅपची फी भरताना हात पसरायला लागणार नाही. आणि 'दोनच सीट' ऐकून रात्री पैसे ट्रान्सफर करू नका, सकाळपर्यंत थांबा.

ऑप्शन फॉर्म भरताना खरंच जे सगळ्यात जास्त हवंय तेच एक नंबरला टाका. एक नंबरचं लागलं की सीट आपोआप फ्रीझ होते, मग पुढच्या राउंडमध्ये बदल नाही. कटऑफ गेल्या वर्षीचा बघताना आपल्या कॅटेगरीचा बघा, आणि टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या सीटचा) कोड वेगळा टाकायला विसरू नका.

ब्रँचचं माझं मत स्पष्ट आहे. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल मनापासून हवं असेल आणि अनुदानित मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. कॉम्प्युटरच हवं आणि पर्सेंटाइल कमी पडतंय तर आधी कॅपमधली चांगली विनाअनुदानित कॉलेजं, युनिव्हर्सिटी त्यानंतर, आणि तीही घर गहाण न टाकता झेपत असेल तरच. तिथे प्लेसमेंट विचारताना सगळ्यात मोठं पॅकेज विचारू नका, तुमच्या ब्रँचची किती मुलं बसली, किती लागली आणि पगाराच्या क्रमाने लावलं तर मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळाले ते विचारा. आकडे लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर ते कॉलेज माझ्या यादीतून जातं.