ग्राफिक्स कार्ड तापते? दोष कार्डाला देण्याआधी या चुका टाळा

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत चढतो आणि नेमक्या त्याच दिवसांत गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिटिंग करताना संगणक अडखळू लागतो. एवढे पैसे मोजूनही कार्ड भट्टीसारखे तापावे, याचा राग येणे रास्तच आहे. तरीही कार्ड खराब निघाले असा निष्कर्ष काढण्याआधी कॅबिनेटमध्ये, म्हणजे संगणकाच्या डब्यात, हवा कोठून येते आणि कोठून बाहेर पडते, हे पाहिलेच पाहिजे.

पहिली चूक तापमानाचा आकडा वाचताना होते. पंख्याच्या हवेवर थंड होणारे कार्ड खोलीपेक्षा थंड राहू शकत नाही. त्यामुळे हिवाळ्यात २२ अंशांच्या खोलीत जे कार्ड ६८ अंश दाखवत होते, ते भार आणि पंख्यांचा वेग तोच असल्यास ३८ अंशांच्या खोलीत ८४च्या आसपास जाणारच. गेम चालू असताना ६५ ते ८५ अंश हे बहुतेक कार्डांच्या बाबतीत नेहमीचे तापमान आहे. ठरलेली मर्यादा गाठली की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी क्लॉक स्पीड, म्हणजे कामाचा वेग, कमी करते आणि म्हणूनच फ्रेम पडतात, म्हणजे पडद्यावर सेकंदाला कमी चित्रे उमटतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेले कॅबिनेट. मागे भिंत, बाजूला फळी आणि पुढे काच असेल, तर कार्डाने बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. याची परीक्षा सोपी आहे: अर्धा तास गेम चालवून तापमान टिपावे, मग बाजूचे झाकण काढून तोच गेम तेवढाच वेळ चालवावा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष कॅबिनेटच्या हवेचा आहे. फारसे उतरले नाही, तर कार्डाचा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा भाग), पंखे किंवा थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) तपासावी. झाकण कायमचे काढून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. आपल्याकडे रस्त्याची धूळ असतेच, शिवाय उसाचे पाचट जाळण्याच्या दिवसांत काजळीही घरात येते आणि ती थेट हीटसिंकच्या पात्यांमध्ये जाऊन बसते.

ही धूळ ब्लोअरने काढताना संगणक बंद करून वायर काढावी आणि कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवावेत, कारण हवेच्या झोताने ते भलत्याच वेगाने फिरून त्यांचे बेअरिंग खराब होऊ शकते.

पेस्ट बदलण्याची घाई करू नये. कोअर (चिपचे सर्वसाधारण तापमान) आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) यांच्या तापमानात २५-३० अंशांची तफावत दिसली, तरच पेस्टचा किंवा हीटसिंक नीट न टेकल्याचा संशय घ्यावा. कार्ड उघडल्यास थर्मल पॅड (बाकीच्या भागांची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) मूळच्याच जाडीचे लागतात, नाहीतर हीटसिंक चिपवर नीट बसत नाही. वॉरंटी शिल्लक असताना घरी कार्ड उघडूच नये.

मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच दाखवू शकणारा, असताना कार्डाला सेकंदाला दीडशे फ्रेम काढायला लावणे म्हणजे विनाकारण उष्णता निर्माण करणे होय. फ्रेमची मर्यादा ६०वर ठेवली की तापमान लगेच उतरते.

एवढे करूनही झाकण उघड्या अवस्थेत कार्ड मर्यादेला टेकत असेल किंवा एखादा पंखा भार असतानाही फिरत नसेल, तर तक्रार जरूर करावी. खोलीचे तापमान, कोअर, हॉटस्पॉट आणि पंख्यांचा वेग दाखवणारे स्क्रीनशॉट बिलासोबत द्यावेत, म्हणजे ‘उन्हाळा आहे, चालायचेच’ असे सांगून दुकानदाराला तुमची बोळवण करता येणार नाही.