जुन्या ऐतिहासिक उपनगरात घर घेताय? आधी भिंती बघा

अशा भागातलं घर बघायला शक्यतो जोरदार पाऊस पडून गेल्यावर जा, कारण उन्हात आणि ताज्या रंगात सगळीच घरं छान दिसतात. आत गेल्यावर जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीपर्यंतच्या भिंती नीट बघा, रंगाचे पापुद्रे, पांढरे क्षार, कुबट वास असेल तर ओल जमिनीतून वर चढत असण्याची शक्यता आहे.

आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, जुन्या भिंती बहुतेक चुन्यात बांधलेल्या असतात, चुना ओलावा बाहेर सोडतो पण त्यावर कुणी सिमेंटचं प्लास्टर केलं असेल तर पाणी आतच अडकतं आणि वीट नाहीतर दगड आतून झिजत जातो, वरून मात्र भिंत एकदम गुळगुळीत! म्हणून टिचकी मारून बघा, पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. तुळयांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथेही बघा, लाकूड आधी तिथंच कुजतं.

वायरिंग, पाइप वगैरे इलेक्ट्रिशियन-प्लंबरला दाखवाच.

हेरिटेज नियमांचं मात्र टोकन देण्याआधी विचारा. खिडक्या, छप्पर, बाहेरचा रंगसुद्धा बऱ्याच ठिकाणी परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि आधीच्या मालकाने विनापरवानगी काही केलं असेल तर ते निस्तरायची वेळ नव्या मालकावर येऊ शकते, त्यामुळे आधीच्या कामांच्या परवानग्या लेखी मागा.