जुन्या फ्रिगेटवर नवीन मिसाईल बसवायचीत? आधी काय उतरवणार ते लिहा

माझा डोंबिवलीचा पुतण्या अकरावीला आहे, त्याला जहाजं काढायचा भयंकर नाद. गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवलं, आपली जुनी गोदावरी क्लास फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) घेतलेली आणि तिच्यावर १६ ब्रह्मोस (जहाजांवर मारायची मिसाईल), ३२ बराक-८ (विमानं पाडायची), मास्टला चारही बाजूंनी रडारची पॅनलं, मागे दोन हेलिकॉप्टर होती तशीच. खाली लिहिलंय, "काका कसंय?" मी म्हणलं एक नंबर, फक्त भाऊच्या धक्क्यापलीकडे नेऊ नकोस, आडवी होईल.

मग रविवारी दोघं बसलो आणि पहिल्यापासून केलं. हा नाद असलेली बरीच पोरं (आणि माझ्यासारखे टक्कल पडलेले पण) आहेत म्हणून कसं केलं ते लिहितो. मी नेव्हल आर्किटेक्ट वगैरे नाही, वडील डॉकमध्ये फिटर होते आणि घरात जेवताना विषय हाच असायचा, एवढंच.

जहाज गोदावरीच ठेवलं. एकतर ती आपल्या माझगाव डॉकची, १९८३ ला नेव्हीत आली, २०१५ ला निवृत्त झाली, आणि दुसरं म्हणजे ती स्वतःच एक रीडिझाइन आहे. ब्रिटिश लिअँडरवरून आलेल्या जुन्या नीलगिरीचं डिझाइन वाढवून, त्यात रशियन मिसाईल, पाश्चात्य वस्तू आणि आपल्याकडचं सामान अशी खिचडी करून बनवलेली. लांबी साधारण १२६ मीटर, रुंदी साडेचौदा, पूर्ण भरल्यावर ३,८५० टन. हे तीन आकडे वहीत वर लिहून ठेवा, सगळं ह्यांच्याभोवती फिरतं.

आता पहिलं काम, आणि इथेच सगळे चुकतात. नवीन काय बसवायचं त्याची यादी करायची नाही. काय उतरवायचं त्याची करायची. एक्सेलमध्ये प्रत्येक वस्तूसमोर वजन, कीलपासून (जहाजाचा तळाचा कणा) उंची, वीज किती खाते, गरम किती होते आणि चालवायला माणसं किती, हे कॉलम करा. नेमका आकडा नसेल तर अंदाज टाका पण रकाना रिकामा सोडू नका, कारण रिकामा रकाना म्हणजे शून्य वजन असं आपलं मन परस्पर धरून चालतं.

गोदावरीवर मूळ जहाजांवर मारायची चार पी-२० मिसाईल होती, एकेक अंदाजे अडीच टनाचं, म्हणजे झाले दहा टन. हे उतरवलं की तेवढंच वजन तुमच्या हातात मोकळं. पुढे कोलकात्यात ब्रह्मपुत्रा क्लास बांधली ती ह्याच डिझाइनवरून, आणि तिथे चार पी-२० च्या जागी १६ उरान (त्याच कामाची छोटी मिसाईल) आली. उरान ६०० किलोच्या आसपास, गुणिले १६ करा, पुन्हा दहाच टन होतात! मला विचाराल तर ह्या घराण्यातला सगळ्यात शहाणा बदल हाच, जवळपास तेवढ्याच वजनात चारचे सोळा.

ब्रह्मोस एकटं ३ टनाच्या घरात, आठ घेतली तर २४ टन, वर कॅनिस्टर आणि फाउंडेशन वेगळं. आणि लांबी आठ मीटरच्या वर. उभं बसवायचं तर दोन-तीन डेक फोडून खाली जावं लागतं, आणि वरचा डेक नुसतं छप्पर नसतो, लाटेवर जहाज वाकतं तेव्हा तो तुळईच्या वरच्या फळीसारखा ताण घेतो, त्यात मोठं भोक पाडलं की कडेने जाड प्लेट लावा, पुन्हा वजन. आयएनएस राजपूतवर ब्रह्मोस बसवली तेव्हा जुन्या मिसाईलच्या जागी डेकवरच तिरके डबे ठेवले ते उगाच नाही. दिसायला ओबडधोबड, पण पोट फाडावं लागत नाही.

आता उंचीचं गणित, हे एकदा हाताने कराच. समजा नवीन रडार आणि त्याचा मास्ट मिळून १० टन वाढले, कीलपासून २२ मीटरवर, आणि जहाजाचा गुरुत्वमध्य आपण ६ मीटरवर धरू. फरक १६ मीटर, म्हणजे १६० टन-मीटर. हे फेडायला तळाशी बॅलास्ट (मुद्दाम ठेवलेलं वजन) टाकायचा, तो कीलपासून १ मीटरवर बसतो, म्हणजे गुरुत्वमध्यापासून फक्त ५ मीटर खाली, तर १६० भागिले ५, ३२ टन. वर १० ठेवायला खाली ३२! एकूण ४२ टन वाढले, एवढ्या आकाराचं जहाज साधारण १४ टनाला एक सेंटीमीटर बुडतं, म्हणजे ३ सेंटीमीटर खाली गेलं. ऐकायला काही नाही, पण अशा पाच वस्तू वर चढवल्या की स्पीड जातो, इंधन जास्त लागतं आणि पुढच्या रिफिटला (मोठ्या दुरुस्ती-सुधारणेला) जागाच उरत नाही.

बॅलास्ट टाकलाच नाही तर? पुतण्याचं पटेना म्हणून बाल्कनीत कपड्याचा टब भरला. थर्माकोलचा हातभर तुकडा, खाली खिळे खोचलेले, वर टूथपिकचा मास्ट. बोटाने ढकलला आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर पाच हेलकावे मोजले, चार सेकंदाच्या आत झाले. मास्टच्या टोकाला एक रुपयाचं नाणं चिकटवलं, सहा सेकंद. दुसरं लावलं तर एका बाजूला गेला, थोडा वेळ तिथेच थांबला, जणू विचार करतोय, मग सावकाश परत आला. तिसऱ्याला सरळ आडवा. पोरगं म्हणतं, "काका पण दुसऱ्या वेळेला तर किती स्मूथ डुलत होता." तेच तर! झटके देत उभं राहणारं जहाज माणसांना त्रास देतं पण ते ताकदवान असतं, आणि आळसावून डुलायला लागलं की घाबरायचं. ढोबळ हिशेब असा की ०.८ गुणिले रुंदी भागिले जीएमचं (कललेलं जहाज किती जोरात सरळ होतं ते सांगणारं मीटरमधलं माप) वर्गमूळ म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याचे सेकंद. गोदावरीच्या रुंदीला जीएम १ मीटर धरला तर ११.६ सेकंद, वर ५० टन चढवून तो ०.८ वर आणला तर १३.

हे खरंच घडलंय. जपानची तोमोझुरू, छोटी टॉर्पेडो बोट, नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वजनात बसवायचं म्हणून हल (जहाजाचं धड) बारीक आणि वर शस्त्रं ठासून भरलेली, १२ मार्च १९३४ ला वादळी समुद्रात उलटली, १०० च्या आसपास माणसं गेली. त्यानंतर जपान्यांनी आपल्या कितीतरी जहाजांवरून वजन उतरवलं.

वीज आणि थंडावा हा विषय ड्रॉइंगमध्ये दिसतच नाही म्हणून सगळे विसरतात. जुन्या चाळीत प्रत्येकाने एसी लावला की मे महिन्यात फेज उडतो ना, तसंच. आताचे पॅनलवाले रडार भरपूर वीज खातात, त्यातली बरीचशी उष्णता होऊन तिथेच राहते, ती काढायला चिल्ड वॉटर प्लांट, त्याला परत वीज, म्हणून जनरेटर मोठा, त्याला हवेचे डक्ट, आणि डक्ट जाणार कुठून तर माणसांच्या बंकमधून. शिवाय इथलं समुद्राचं पाणीच उन्हाळ्यात कोमट, थंड समुद्रासाठी काढलेला प्लांट इकडे तेवढं काम देत नाही. म्हणून रडार निवडायच्या आधी जनरेटर बघा.

तयार भोकं असतील तर ती वापरा. ब्रिटिशांनी टाइप २३ फ्रिगेटवर जुन्या सी वुल्फ मिसाईलच्याच ३२ जागांमध्ये नवीन सी सेप्टर मिसाईल बसवलं, ते आधी दाबाने वर उडतं आणि मग त्याचं इंजिन पेटतं, त्यामुळे डेकमधून आगीचा झोत काढायची भानगड नाही. ह्याच क्लासमधली नॉर्थंबरलँड रिफिटला घेतल्यावर तिच्या सांगाड्याचं एवढं नुकसान निघालं की २०२४ मध्ये दुरुस्ती परवडत नाही म्हणून निवृत्त करायचं ठरलं. तेव्हा पहिला खर्च प्लेटची जाडी मोजण्यावर. ऑस्ट्रेलियाने सहा अ‍ॅडलेड क्लास फ्रिगेटपैकी चारच सुधारल्या, नाकाकडच्या डेकमध्ये आठ कप्प्यांचा लाँचर घातला, एकेका कप्प्यात चार म्हणजे ३२ ईएसएसएम (विमानं आणि येणारी मिसाईल पाडायची), कागदावर झकास, पण बिल एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेलं, काम कित्येक वर्षं रखडलं आणि पैसे वाचवायला दोन जहाजं आधीच निवृत्त केली. मग सहाची ताकद वाढली की चारची, हे तुम्हीच ठरवा.

हेलिकॉप्टरवर आमचं भांडण झालं. त्याला एक हँगर पाडून तिथे बराक-८ हवी होती, साडेचार मीटरचं मिसाईल, २७५ किलो, मोह होतो मान्य. पण पाणबुडी शोधायला जहाजापासून लांब जाणारी एकच वस्तू आहे ती म्हणजे हेलिकॉप्टर, आणि दोन असली तरच एक कायम तयार असतं. मी दोन्ही ठेवली असती. शेवटी एकावर तडजोड झाली, १६ उरान, बराक-८ फक्त १६, आणि रडार एक साइझ लहान.

काल त्याने नवीन शीट पाठवली. वजन जुळतंय, जीएम जुळतोय, चिल्ड वॉटर प्लांटला पण जागा सापडलीय. नीट बघितलं तर ती गॅलीची जागा. तीनशे माणसांचा भात कुठे शिजणार विचारलंय, निळी टिक दिसतेय, उत्तर नाही.