टाइम्स स्क्वेअरच्या स्क्रीनवर घरचा फोटो लावताय? या चुका टाळा

आईची साठी, लेकीची पदवी, लग्नाची मागणी, नाहीतर नुसतंच 'बाबा, तुमची आठवण येते'. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये जिथं एकेकाळी फक्त बड्या कंपन्यांच्या जाहिराती झळकायच्या, तिथं आता असले घरगुती निरोपही दिसतात. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू आणि ४७व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या टीएसएक्स इमारतीचा अवाढव्य स्क्रीन अ‍ॅपवरून १५ सेकंदांसाठी ४० डॉलरला मिळतो, ही बातमी काही वर्षांपूर्वी जगभर फिरली आणि हौशी लोकांची रीघ लागली. दर बदलत राहतात, जागा विकणारे मध्यस्थही बरेच झालेत. पण लोकांचा हिरमोड होण्याची कारणं मात्र ठरलेली आहेत.

बहुतेक चुकांचं मूळ एकच. माणसं स्क्रीनचा विचार करतात, कॅमेऱ्याचा करत नाहीत. पंधरा सेकंद सरले की तिथं दुसऱ्याचा चेहरा येतो. तुमच्याकडे उरतो तो खाली रस्त्यावरून कुणीतरी काढलेला फोटो किंवा व्हिडिओ. घरच्यांना दाखवायचा तोच, फ्रेम करून लावायचा तोच. म्हणून तो फोटो कोण, कुठून, किती वाजता काढणार हे आधी ठरवा आणि मग डिझाइनला हात घाला.

मराठी मजकूर टाइप करून पाठवणं

मराठी माणसाचा घात सगळ्यात जास्त इथं होतो, म्हणून जरा सविस्तर.

काही ठिकाणी ऑर्डर देताना 'तुमचा संदेश इथे लिहा' अशी चौकट असते. तुम्ही तिथं 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असं लिहिता. तुमच्या फोनवर ते सुरेख दिसतं, पण पलीकडचं सॉफ्टवेअर देवनागरीची जुळणी करणारं असेलच असं नाही. नसेल तर 'हार्दिक'मधली वेलांटी 'द'ला सोडून 'क'ला जाऊन चिकटते, रफार गायब होऊन पाय मोडलेला 'र' उभा राहतो आणि 'शुभेच्छा'तला 'च्छ' फुटून दोन तुकडे होतात. कधी अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकोनांची ओळ येते. तिथल्या कर्मचाऱ्याला मराठी वाचता येत नसेल, तर यात काही चुकलंय हे त्याला कळणार तरी कसं?

यावर उपाय एकच. मजकूर कधीही मजकूर म्हणून पाठवायचा नाही, चित्र म्हणून पाठवायचा. डिझाइन स्वतः करा आणि शेवटची फाइल जेपीईजी, पीएनजी किंवा व्हिडिओ स्वरूपात द्या. फोटोशॉपमध्ये करत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी करणारा पर्याय चालू आहे ना, ते बघा. तो बंद असला की तुमच्या स्वतःच्या संगणकावरही जोडाक्षरं तुटलेलीच दिसतील. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर उघडी, म्हणजे बदलता येणारी फाइल म्हणून पाठवला, तर समोरच्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

फॉन्ट निवडताना लग्नपत्रिकेतली नाजूक वळणं विसरा. लांबून बारीक रेघा पुसट होतात आणि शिरोरेषा तेवढी ठळक उरते, म्हणजे ओळीच्या जागी नुसता पट्टा दिसतो. जाड, साधा फॉन्ट घ्या. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांवर चढतात. अनुस्वारांकडेही खास लक्ष द्या, कारण टिंब सगळ्यात आधी नाहीसं होतं.

किती शब्द? बाहेरच्या जाहिरातींच्या धंद्यात सात शब्दांच्या आसपास थांबण्याचा जुना आडाखा आहे. मराठीत मी तर म्हणेन चार. 'आई, साठीच्या शुभेच्छा' एवढं पुरतं. खाली 'शुभेच्छुक' म्हणून अख्ख्या कुटुंबाची यादी देण्याचा मोह होतो. तो आपल्या चौकातल्या फ्लेक्सचा संस्कार आहे. फ्लेक्स दिवसभर लटकतो, येणारा-जाणारा सावकाश वाचू शकतो. इथं तेवढी सवड नसते.

एक साधी परीक्षा घ्या. तयार झालेलं डिझाइन फोनवर टपालाच्या तिकिटाएवढं लहान करा आणि हात लांब करून बघा. चेहरा ओळखू आला आणि शब्द वाचता आले, तर पुढे जा.

आडवा फोटो उभ्या स्क्रीनला देणं

टाइम्स स्क्वेअरमधले बरेच स्क्रीन उभे आहेत, काही तर इमारतीच्या कोपऱ्यावरून वळलेले आहेत. समारंभातला ग्रुप फोटो मात्र हमखास आडवा असतो. तो उभ्या चौकटीत बसवला की कडेचे काका-मामा कापले जातात, किंवा वर-खाली काळे पट्टे येऊन मधे माणसांची इवलीशी रांग उरते. म्हणून स्क्रीनचं नेमकं माप पिक्सेलमध्ये आधी मागून घ्या आणि त्याच मापाची फाइल बनवा. चेहरा आणि नाव कडेपासून आत ठेवा. स्क्रीन वळणावरचा असेल, तर नाकाची रेघ नेमकी कोपऱ्यावर येणार नाही एवढं पाहा.

शक्यतो एक चेहरा, फार तर दोन. बारा फोटोंचा कोलाज केलात तर बाराही वाया गेले असं समजा.

मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला नको. तिथं तो लहान होतो आणि दाबलाही जातो. मग सावलीच्या भागात चौकोनी ठिगळं दिसतात, आणि मोठ्या स्क्रीनवर ती आणखी उठून दिसतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. आयफोनचा फोटो एचईआयसी प्रकारातला असेल तर जेपीईजी करून घ्या. तो आडवा पडलेला तर नाही ना, हे दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून खात्री करा. छपाईसाठी बनवलेली सीएमवायके रंगांची फाइल उचलून देऊ नका, एलईडीला आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगांचीच फाइल लागते.

पार्श्वभूमी पांढरीशुभ्र ठेवली तर स्क्रीन झगझगतो आणि खालून काढलेल्या फोटोत नुसता उजेडाचा चौकोन येतो. काळी ठेवली तर तेवढे दिवे बंद असल्यासारखेच. गडद निळा, मरून, हिरवा असे भरीव रंग चेहऱ्याला उठाव देतात.

व्हिडिओ देत असाल तर चेहरा हळूहळू उमटणं, हळूहळू विरणं असले प्रकार टाळा. पंधरातली पाच सेकंदं त्यातच जातात आणि खाली फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला स्थिर चित्र मिळतच नाही. चेहरा आणि नाव निदान आठ सेकंद जागचं हलू देऊ नका. पार्श्वसंगीतावर डोकं खपवू नका, तुमच्या फाइलमधला आवाज रस्त्यावर कुणाला ऐकू जाणार नाही.

तारीख आणि वेळेचा गोंधळ

अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. ५ ऑगस्टसाठी तुम्ही सवयीनं ५/८ लिहिलंत, तर ते ८ मे वाचलं जातं. तारीख १३ किंवा पुढची असेल तर तेरावा महिना नसल्यामुळे फॉर्म निदान अडतो. १ ते १२ मधली चूक बिनबोभाट पुढे सरकते. महिना अक्षरांत लिहायची सोय असेल तर अक्षरांतच लिहा.

अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. ती उन्हाळी वेळ चालू असताना भारत न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतो, एरवी साडेदहा. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. ऑक्टोबरमध्ये ऑर्डर देऊन नोव्हेंबरातली वेळ ठरवणारे इथं हमखास तासाभरानं चुकतात. शिवाय भारतात १४ ऑगस्ट उजाडतो, म्हणजे रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा तिथं १३ तारखेच्या दुपारचे अडीच वाजलेले असतात. नेमकं कुठल्या देशातल्या वाढदिवसाला ते आधी घरात ठरवा. भारतातल्या आजी-आजोबांना इंटरनेटवर टाइम्स स्क्वेअर थेट दाखवणाऱ्या लाइव्ह कॅमेऱ्यावर दाखवायचं असेल तर त्यांची रात्री नऊची वेळ सोयीची. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेअकरा किंवा साडेदहा असतात आणि खाली उभं राहणाऱ्यालाही गर्दीचा फार त्रास होत नाही.

दोन वेळा टाळाव्यात. रोज रात्री ११:५७ ते १२ या तीन मिनिटांत तिथल्या अनेक स्क्रीनवर 'मिडनाइट मोमेंट' नावाचा कला-उपक्रम एकाच वेळी चालतो. त्यामुळे 'बाराच्या ठोक्याला' हा हट्ट सोडा. दुसरी वेळ ३१ डिसेंबरची संध्याकाळ. रस्ते बंद असतात, पोलिसांनी आखलेल्या कठड्यांत माणसं तासन्‌तास उभी असतात आणि तुमच्या स्क्रीनसमोर सरकून जाणं जवळपास अशक्य होतं.

'टाइम्स स्क्वेअरमध्ये' एवढ्यावर पैसे देणं

मध्यस्थ जाहिरातीत सगळ्यात मोठा स्क्रीन दाखवतो आणि तुमचा फोटो लागतो बाजूच्या गल्लीतल्या एका छोट्या पट्टीवर. त्याला खोटं म्हणता येत नाही, कारण जागा टाइम्स स्क्वेअरमध्येच असते. म्हणून लेखी विचारा: स्क्रीन कुठला, कुठल्या कोपऱ्यावर, किती सेकंद, किती वेळा, नेमक्या मिनिटाला की तासाभराच्या टप्प्यात केव्हाही, आणि फोटो नाकारला गेला तर पैशांचं काय. उत्तरात पत्ता आला नाही, तर व्यवहार तिथंच थांबवा.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे स्क्रीनवर काहीच न लावता संगणकावर चिकटवलेलं चित्र 'पुरावा' म्हणून पाठवणं. हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. त्या विक्रेत्याच्या इतर गिऱ्हाइकांचे फोटो शेजारी ठेवा. खालची छत्रीवाली बाई, पिवळी टॅक्सी आणि बाजूच्या जाहिराती सगळीकडे त्याच असतील, तर समजून जा. पुरावा म्हणून रस्त्यावरून सुरू होऊन स्क्रीनवर जाणारा आणि पुन्हा खाली येणारा सलग व्हिडिओ मागा.

परवानगी गृहीत धरणं

प्रत्येक फोटो तपासला जातो. राजकीय घोषणा, द्वेष, अंगप्रदर्शन, फोन नंबर, कंपनीचे लोगो, सिनेमाच्या नट-नट्यांचे फोटो यांवर काट बसण्याची शक्यता मोठी. टी-शर्टवरचा ब्रँडही कधी आड येतो. मराठी मजकुराचा इंग्रजी अर्थ ऑर्डरसोबत द्या, म्हणजे तपासणारा संशयानं अडवून ठेवणार नाही. आणि ऐन आदल्या रात्री फाइल देऊ नका, दुरुस्ती करून पुन्हा पाठवायला दोन-चार दिवस हाताशी असू द्या.

फोटोतल्या माणसाची परवानगी ही वेगळी गोष्ट. अबिगेल रॉबर्सन नावाच्या तरुणीचा चेहरा एका पिठाच्या कंपनीनं तिला न विचारता हजारो पोस्टरांवर छापला होता. १९०२ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठानं तिच्या विरोधात निकाल दिला आणि लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, तिथल्या विधिमंडळानं कायदा केला: जाहिरात किंवा व्यापारासाठी माणसाचं नाव वा छबी वापरायची तर लेखी संमती हवी. तो कायदा आजही आहे. आईला शुभेच्छा देणं हा व्यापार नव्हे, पण त्याच फोटोत तुमच्या क्लासचं किंवा दुकानाचं नाव घुसवलंत की गोष्ट बदलते. लग्नाची मागणी घालणार असाल तर समोरच्या व्यक्तीला चारचौघांतलं कौतुक आवडतं का, हे आधी कुणाकडून तरी काढून घ्या. नकार आला तर तोही चारचौघांतच येतो.

खाली उभं राहून नुसतं बघत बसणं

टाइम्स स्क्वेअरच्या उत्तर टोकाला असलेल्या डफी स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांवर बसलं की सगळं दिसतं असा समज आहे. तिथं बसल्यावर तोंड दक्षिणेकडे असतं, मागचे स्क्रीन दिसत नाहीत. आदल्या दिवशी जाऊन जागा बघून ठेवा आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी तिथं उभे राहा.

फोनवर फोटो काढत बसू नका, व्हिडिओ सुरू करा आणि नंतर त्यातून चित्र वेगळं काढा. स्क्रीनवर बोट दाबून प्रकाश लॉक करा आणि थोडा कमी करा, नाहीतर रात्री चेहरा पांढराफटक येतो. व्हिडिओत आडव्या काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर दोष स्क्रीनचा नसतो, एलईडीची लुकलुक आणि कॅमेऱ्याचा वेग जुळत नसतो. शटरचा वेग कमी करा, एकसाठांश सेकंदाच्या आसपास. माणसं दोन असावीत: एकानं स्क्रीन टिपायचा, दुसऱ्यानं बघणाऱ्याचा चेहरा.

फोटो आलाच नाही तर

आधी वेळेचा टप्पा पूर्ण होईपर्यंत हलू नका, जाहिरातींचं चक्र पुढे-मागे होतं. स्क्रीनला दोन बाजू असतील तर दुसरीकडेही नजर टाका. लाइव्ह कॅमेऱ्यावर बघत असाल तर चित्र काही सेकंद उशिरा येतं आणि कॅमेऱ्याचा कोनही फिरतो, तेव्हा तिथं दिसलं नाही म्हणजे लागलंच नाही असं नव्हे. कधी खरोखरच इलाज नसतो. १३ जुलै २०१९ च्या संध्याकाळी मॅनहॅटनच्या पश्चिम भागातली वीज गेली आणि टाइम्स स्क्वेअरमधले कित्येक स्क्रीन काळे पडले होते.

तरीही नाहीच दिसला, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि फोटो केव्हा लागला याची स्क्रीनच्या यंत्रणेतली नोंद मागा. तशी नोंद ठेवणं या धंद्यात नेहमीचं आहे. पैसे परत मिळण्यापेक्षा पुन्हा लावून मिळणं सोपं असतं, म्हणून मागणी दोन्हींची करा. सोबत ऑर्डरचा क्रमांक, मंजुरीचा मेल आणि तुम्ही उभे असतानाचा सलग व्हिडिओ जोडा. तो व्हिडिओ फोनमधली मूळ फाइलच असू द्या. तिच्यात वेळेची नोंद असते, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रतीवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.