आडवाटेवरची गळलेली पानं आणि घरातली रद्दी वापरून कार्डं कशी बनवायची

आधी एक गोष्ट, कुठेतरी जायचंच असेल तेव्हाच आडवाटेला वळा, नुसती पानं आणायला मुद्दाम गाडी काढली तर जेवढं इंधन जळेल त्यानंतर त्या कार्डाला इको-फ्रेंडली म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. सायकलने किंवा पायी जाणार असाल तर प्रश्नच नाही.

निघायच्या आधी मॅपमध्ये हायवे टाळायचा ऑप्शन ऑन करून आतला रस्ता बघून ठेवा, तो भाग ऑफलाइन डाउनलोड करा कारण आत गेलं की नेटवर्क जातं, टाकी वळायच्या आधीच भरा आणि हाताशी तासभर तरी जास्तीचा ठेवा, घाई असेल तर सरळ हायवेनेच गेलेलं बरं. गाडी वळणावर किंवा पुलावर थांबवू नका, रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या. मग खरंच थांबा, दहा मिनिटं नुसतं बघा, फोटो नंतर.

पानं फक्त खाली पडलेली उचला, तीही मूठभर. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मात्र पडलेलंही उचलू नका, बहुतेक ठिकाणी मनाई असते. दव वाळल्यावर गोळा केली तर बुरशी कमी लागते. पातळ पानं, गवताची पाती, नेचे छान वाळतात, जाड रसाळ पानं काळी पडतात म्हणून ती नकोच. गाडीत तशीच ठेवली की कुरळी होतात, त्यामुळे लगेच जुन्या वर्तमानपत्रात सपाट घाला. घरी आल्यावर वर जड पुस्तकं ठेवा आणि पहिले ३-४ दिवस कागद रोज बदला, हे बरेच जण टाळतात आणि मग पानं तपकिरी होतात. आठ-पंधरा दिवसांत तयार.

आता कागद. एका बाजूने वापरलेले कागद, वह्यांची पानं घ्या, चकचकीत मासिकं नको, आणि बिलाच्या त्या गुळगुळीत पावत्या तर अजिबात नको, त्यावर केमिकलचा थर असतो. २-३ सेंटिमीटरचे तुकडे हातानेच फाडा, रात्रभर भिजवा आणि भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये थोडं थोडं फिरवा. फार बारीक करू नका, तंतू तुटले की कागद कमजोर होतो. लगदा पसरट टबात पाण्यात ढवळा. जुन्या फोटोफ्रेमला मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, ती तिरकी आत घालून आडवी करा आणि सावकाश सरळ वर उचला, हलकेच हलवलं की थर एकसारखा बसतो. पाणी निथळू द्या, वाळलेलं पान वर ठेवा आणि कडांवर चिमूटभर लगदा सोडा म्हणजे ते निघणार नाही. मग फ्रेम सुती कापडावर उलटी करून जाळीवरून स्पंजने पाणी टिपा, जाळी एका कडेने अलगद उचला. पान कापडाच्या बाजूला येतं, वाळल्यावर उलटलं की दिसतं. दोन कापडांमध्ये वजनाखाली ठेवलं तर कागद वाकडा होत नाही, कापडं ओली झाली की बदला.

शाई पसरत असेल तर पातळ शिजवलेल्या स्टार्चचा एक हात मारून परत वाळवा.

उरलेला लगदा सिंकमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो. कापडात गाळून पिळा, गोळे करून वाळवा, पुढच्या वेळी भिजवले की परत वापरता येतात.