लॅबमधल्या संगणकांवर नेटवर्कवरून डेबियन 12 लिनक्स आपोआप बसवा

वीस-पंचवीस मशीनवर पेनड्राइव्ह घेऊन फिरायची गरज नाही. एक लिनक्स सर्व्हर आणि नेटवर्कची तार असली की भागते.

पण आधी बायोसमधला (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममधला) बूटचा क्रम लावा: पहिली डिस्क, मग नेटवर्क. डिस्क कोरी असली की मशीन नेटवर्ककडे वळते आणि इन्स्टॉल झाल्यावर डिस्कवरूनच सुरू होते. क्रम उलटा राहिला तर दर रीस्टार्टला डिस्क पुसली जाऊ शकते. जुनी सिस्टिम असलेल्या मशीनवर बूट मेनूतून नेटवर्क एकदाच निवडा.

सर्व्हरवर डीएनएसमास्क बसवा; हा मशीनना आयपी आणि बूट फाइल कुठे आहे ते सांगणारा छोटा प्रोग्राम. राउटर आयपी वाटत असेल तर डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीने चालवा. आयपी राउटर देईल, बूट फाइल डीएनएसमास्क सांगेल. त्यातले टीएफटीपी, म्हणजे बूट फाइल मशीनकडे पाठवणारी सोय, चालू करा. यूडीपी 67, 69 आणि 4011 ही पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा.

डेबियनचे नेटबूट आर्काइव्ह (नेटवर्कवरून बूट करायच्या फाइलींचा संच) टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये जसेच्या तसे उलगडा. आतली फोल्डर हलवली तर ग्रबला (यूईएफआय मशीनवर बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामला) मेनू सापडत नाही. जुन्या बायोसला पीएक्सईलिनक्स, यूईएफआयला (नव्या मशीनमध्ये बायोसच्या जागी असते) बूटनेटएक्स64 ही फाइल द्या.

प्रीसीड फाइल, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरे, साध्या वेब सर्व्हरवर ठेवा. बूट मेनूतल्या कर्नलच्या ओळीत ऑटो=ट्रू, प्रायॉरिटी=क्रिटिकल, इंटरफेस=ऑटो आणि यूआरएल (प्रीसीड फाइलचा पत्ता), हे सगळे तीन डॅशच्या आधी लिहा. मेनूला टाइमआउट द्या: पीएक्सईलिनक्समध्ये 50 म्हणजे 5 सेकंद, ग्रबमध्ये मात्र आकडा थेट सेकंदांचा.

प्रीसीडमध्ये उत्तराचा प्रकार आणि उत्तर यांत एकच स्पेस हवी. दुसरी स्पेस उत्तराचाच भाग धरली जाते. अशी चूक नजरेला दिसत नाही, म्हणून ही फाइल सावकाश तपासा. डिस्कचे नावही पाहा: साटा डिस्क सहसा एसडीए असते, एनव्हीएमईचे नाव वेगळे. पासवर्ड हॅश करूनच (मूळ शब्द ओळखता येणार नाही अशा रूपात) लिहा, कारण ही फाइल नेटवर्कवर कोणीही वाचू शकतो.

ई53 एरर आली तर बूट फाइलचे नाव पोहोचलेले नाही. ई32 असेल तर टीएफटीपी किंवा फायरवॉल तपासा. आयपीच मिळत नसेल तर स्विचचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी सोय) पाहा: पोर्ट सुरू व्हायला सुमारे 30 सेकंद लागतात, तोवर मशीन वाट पाहणे सोडते. त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न पाहता पोर्ट लगेच सुरू करणारी सेटिंग, लावा. कर्नल मॉड्यूल सापडत नाहीत असे इन्स्टॉलर म्हणाला तर तुमचे नेटबूट आर्काइव्ह मिररच्या (डेबियनची पॅकेजेस देणाऱ्या सर्व्हरच्या) मागे पडले आहे. नवे उतरवून घ्या.